गाय व्याली, असंच लिहायचं

भाचीने शाळेच्या निबंधात लिहिलं होतं, 'आजोबांची गाय काल पहाटे व्याली.' बाईंनी 'व्याली'वर लाल रेघ मारून वर लिहिलं, 'गायीने वासराला जन्म दिला.' वही बघून मला फार वाईट वाटलं. आजोबा फोनवर जे बोलले, तेच पोरीने लिहिलं होतं. 'व्याली गं! कालवड झाली.'

काय अशुद्ध आहे यात? संस्कृतात 'विजायते', म्हणजे 'वि' आणि 'जन्'. पालीत 'विजायति'. पुढे प्राकृतात दोन स्वरांमधला 'ज' गळाला. 'राजकुल'चं 'राऊळ' झालं, 'बीज'चं 'बी' झालं, तसाच. उरलं ते आपलं विणे, व्याली. हिंदीतलं 'ब्याना' आणि गुजरातीतलं 'वियावुं' ही त्याचीच भावंडं. म्हणजे बाईंनी खोडलेला शब्द आणि वर लिहिलेला 'जन्म' एकाच धातूतून आलेत!

आज आपण बाईमाणसाला 'व्याली' म्हणत नाही, 'बाळंत झाली' म्हणतो. कुणी तसं म्हटलंच तर ते शिवीसारखं लागतं, आणि ते टाळायलाच हवं. पण तेवढ्यावरून शब्दच हलका ठरवायचा? पाली सुत्तांमध्ये, म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथांत, बोधिसत्त्वाची, म्हणजे भावी बुद्धाची, आई उभ्यानेच बाळंत होते, असं वर्णन आहे. तिथं क्रियापद कोणतं? 'विजायति'. बुद्धाच्या आईला जो शब्द चालला, तो आपल्या गोठ्यातल्या गायीला कमी दर्जाचा कसा?

आणि हा शब्द एकटा जात नाही. बाजारात म्हैस बघायला गेलात की पहिला प्रश्न असतो, 'कितव्या वेताची?' वेत म्हणजे जनावराचं एकेक बाळंतपण, आणि हे 'वेत' त्याच घरचं. 'जन्म दिला'मधून वेत कसं काढणार? पहिल्या वेताची ती पहिलारू. गाभण, वार पडणे, चीक, भाकड... अख्खा गोठा या भाषेत बोलतो.

पक्ष्यांचा 'विणीचा हंगाम' म्हणतात, तोही इथलाच. घरटं विणतात म्हणून वीण, असं एका मित्राने मला मोठ्या खात्रीने सांगितलं होतं. तसं नाही. कापडाची वीण 'विणणे'तून आली, पिल्लांची वीण 'विणे'तून. दिसायला सारखे, पण शब्द वेगळे.

'जन्म दिला' चूक आहे असं माझं म्हणणं नाही. पण कुत्री व्याली, शेळी व्याली, वाघीण व्याली, इतकं नेमकं आणि दोन शब्दांत सांगता येत असताना मुलांच्या वहीतून ते खोडू नका, एवढीच कळकळ आहे.

सोमवारी शाळेत जाऊन बाईंना भेटणार आहे. भाचीला तो निबंध पुन्हा लिहायला सांगितलाय, पहिलं वाक्य तसंच ठेवून. गायीचं हे तिसरं वेत, तेही त्यात घाल म्हटलंय.