जामीन म्हणजे निर्दोष नव्हे रे बाबांनो

झालं, परत तेच. आपल्या टीमचा प्लेअर पोलिस केसमध्ये अडकला की सगळे रातोरात वकील होतात, तक्रार करणारीची कुंडली काढतात, 'फेमस व्हायचंय तिला', 'फायनलच्या तोंडावरच बरं सुचलं', आणि जामीन मिळाला की लगेच 'क्लीन चिट'चे स्टेटस, अरे जामीन म्हणजे खटला चालू असताना बाहेर राहायची मुभा, सुटका नव्हे! २०११ मध्ये लंडनच्या कोर्टाने नो-बॉलच्या फिक्सिंगसाठी पाकिस्तानच्या तिघांना जेलात धाडलं तेव्हा मात्र हेच टाळ्या पिटत होते (तिथे निदान खटला पूर्ण तरी झाला होता). समोरच्या टीमचा असला की नुसत्या बातमीवर गुन्हेगार, आपला असला की बिचारा, आणि सगळ्यात मोठी काळजी काय, तर रविवारी ओपनिंगला कोण येणार!