घोड्याचे पाय बघून स्वाराचं मरण कळतं म्हणे!

शिवजयंती जवळ आली की व्हॉट्सॲपवर एक संदेश हटकून फिरू लागतो. अश्वारूढ पुतळ्यात घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत असले, तर स्वाराला रणांगणावर वीरमरण आलं. एकच पाय उचललेला असला, तर तो लढाईतल्या जखमांनी पुढे वारला. चारही पाय जमिनीवर असले, तर मृत्यू नैसर्गिक. आणि शेवटी ठसक्यात, ‘जगभरचे शिल्पकार हा नियम पाळतात.’

जगाकडे नंतर जाऊ, आधी आपलं घर बघू. शिवाजी महाराजांचं निधन ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर आजारपणात झालं. म्हणजे नियमानुसार त्यांच्या प्रत्येक पुतळ्यातला घोडा चारही पाय रोवून उभा हवा. महाराष्ट्रातल्या चार गावांचे चौक बघून या. कुठे घोड्याने एक पाय उचललाय, कुठे तो दोन्ही पायांवर उधळलाय. महाराज एकच आणि त्यांचं जाणंही एकदाच, मग पायांचे हिशेब वेगवेगळे कसे?

दुसरी अडचण त्याहून गमतीची आहे. पुतळा घडला तेव्हा माणूस जिवंत असेल तर? मुंबईत ज्याच्यामुळे ‘काळा घोडा’ हे नाव पडलं, तो पुतळा प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेल्या राजाचा. शिल्पकार जोसेफ एडगर बोम, देणगी अल्बर्ट ससून यांची, अनावरण १८७९ सालचं. एडवर्ड वारला १९१० मध्ये. बोमने एकतीस वर्षांनंतरचं मरण कुठल्या पंचांगात पाहिलं? (पुतळा १९६५ साली राणीच्या बागेत हलवला, नाव मात्र चौकाला चिकटून राहिलं. २०१७ साली तिथे नवा घोडा बसवला, त्यावर तर स्वारच नाही. नियमवाल्यांनी त्याचंही काहीतरी सांगावं.) माद्रिदमधला स्पेनचा राजा चौथा फिलिप याचा पुतळा पिएत्रो ताक्काने १६४० साली केला, घोडा मागच्या दोन पायांवर उभा. फिलिप त्यानंतर पंचवीस वर्षं जगला आणि रणात मेला नाही.

‘दोन पाय हवेत म्हणजे वीरमरण’ हे कलम इतरत्रही टिकत नाही. सेंट पीटर्सबर्गमध्ये फाल्कोनेने केलेला रशियाचा झार पीटर द ग्रेट याचा घोडा उधळलेला आहे, पीटर गेला मूत्राशयाच्या दुखण्याने. वॉशिंग्टनमधला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनचा घोडाही तसाच, आणि जॅक्सन म्हातारपणी आपल्या घरी वारला. दक्षिण अमेरिकेचा मुक्तिदाता सिमोन बोलिव्हार याला क्षयाने नेलं, पेरूतल्या लिमामध्ये त्याचा घोडा दोन पायांवर आहे.

एका पायाचं कलम याहून लवकर निकालात निघतं. रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस आजारपणात गेला, न्यूयॉर्कमधला जॉर्ज वॉशिंग्टन निवृत्तीनंतर घरी गेला. दोघांच्याही घोड्यांचा एक पाय वर. चार पायांच्या कलमाचं नवल नाही. बहुतेक माणसं आजाराने किंवा म्हातारपणाने मरतात, त्यामुळे ते आपोआपच जुळत राहतं.

मग घोड्याचे पाय ठरवतं कोण? थोडं शिल्पकाराच्या मनातलं चित्र, थोडा देणगीदाराचा खिसा, आणि बरंच काही वजन. टनावारी ब्राँझ मागच्या दोन पायांवर तोलणं सोपं नसतं. ताक्काने घोड्याच्या शेपटीचाही आधार घेतला. फाल्कोनेने खुरांखाली साप घातला आणि शेपूट त्याला टेकवली. लोक त्या सापाला पीटरचे शत्रू म्हणतात, तेही खरंच, पण तो पुतळ्याचा तिसरा पायही आहे. शिल्पकार क्लार्क मिल्सने १८५३ साली जॅक्सनचा घोडा शेपटीचाही आधार न घेता निव्वळ मागच्या पायांवर उभा केला. त्यासाठी मागची बाजू जड ठेवून तोल साधला. ही सगळी खटपट तोलाची आहे, तिच्यात मृत्यूचा दाखला कुठेच येत नाही.

अशा गोष्टींना भावंडंही असतात. चेन्नईत मद्रासचा इंग्रज गव्हर्नर थॉमस मन्रो याचा घोडा आहे, त्याला रिकीब (स्वाराने पाय ठेवायची कडी) नाही. शिल्पकार चँट्री ती विसरला आणि लाजेने त्याने जीव दिला, असं तिथे सांगतात. याच चँट्रीने लंडनच्या ट्रॅफल्गर चौकातल्या इंग्लंडच्या राजा चौथ्या जॉर्जलाही रिकीब दिलेली नाही. विसरभोळेपणा इतका नेमका नसतो, ती त्याची पसंती होती.

आता कुणी विचारेल, ‘पण झाशीच्या राणीचं तर जुळतं!’ जुळतं. राणी १८५८ साली ग्वाल्हेरला लढताना पडली आणि तिचे बहुतेक पुतळे उधळलेल्या घोड्यावर आहेत. शिल्पकाराला तिचा हल्ला दाखवायचा होता, म्हणून घोडा उधळला. अमेरिकेत यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या रणभूमीवरच्या पुतळ्यांतही हा नियम बराचसा जुळतो, आणि तो बहुधा तिथूनच पसरला. पण तिथेही १९९८ साली जनरल लाँगस्ट्रीटचा पुतळा बसला, घोड्याचा एक पाय वर. लाँगस्ट्रीटला गेटिसबर्गच्या लढाईत जखम झाली नव्हती.