‘साभार’ लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली, असं नाही

मराठवाड्यातल्या न्यूज पोर्टलवाल्यांत एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गुगलवर दिसतं ते सगळं सार्वजनिक, कॉपीराइटचं चिन्ह नसेल ते मोकळं, खाली ‘साभार’ टाकलं की कुणी काही करू शकत नाही, आणि जुनं साहित्य व सरकारी कागद तर सगळ्यांचेच. तालुक्याच्या गावी नव्यानं पोर्टल काढणारी पोरं यावर विसंबतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

चिन्हाचा मुद्दा लगेच निकालात निघतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क मिळायला चिन्ह लागत नाही, नोंदणीही लागत नाही. फोटो काढला की हक्क आला. तो गुगलवर सापडतो म्हणून जात नाही.

खरं नुकसान होतं ते ‘साभार’मुळे. जालन्याकडे गारपीट झाली की एखादा पोरगा मोटारसायकल काढून शिवार गाठतो, मोसंबीच्या बागेत पडलेला फळांचा सडा टिपतो. संध्याकाळी तोच फोटो पोर्टलापोर्टलावर. कोपऱ्यातलं त्याचं नाव कापलेलं, वर भलताच लोगो, खाली ‘साभार: सोशल मीडिया’. पेट्रोल त्याचं, मेहनत त्याची, आणि हातात छदाम नाही. मला याची चीड येते. त्याचं खरं नाव दिलं तरी भागत नाही. श्रेय मिळण्याचा हक्क कलम ५७ मध्ये आहे. छापायची परवानगी ही त्याहून निराळी गोष्ट.

मेसेजवाले कलम ५२ कडे बोट दाखवतात, आणि त्यात तथ्य आहे. चालू घडामोडींचं वार्तांकन, टीका, परीक्षण, खासगी अभ्यास यांसाठी वाजवी वापराची मुभा आहेच. बातमीतल्या माहितीवरही कुणाची मालकी नसते. जायकवाडीतून किती पाणी सोडलं ते कुणीही सांगावं. मात्र दुसऱ्याची अख्खी बातमी शब्दशः उचलून आपल्या नावावर खपवणं या मुभेत बसत नाही.

जुन्या साहित्याचा हिशेब वेगळा. लेखकाच्या हयातीत छापलेल्या लेखनावर तो गेल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो. पैठणच्या एकनाथांची भारुडं कुणीही छापावीत. आजच्या गायकाचं रेकॉर्डिंग मात्र उचलता येत नाही, त्यावर वेगळा हक्क असतो. नांदेडचे नरहर कुरुंदकर १९८२ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन २०४२ अखेरपर्यंत संरक्षित आहे. परीक्षणात त्यातल्या चार ओळी खुशाल द्या. पुस्तकच्या पुस्तक स्कॅन करून ग्रुपवर टाकू नका.

सरकारी कागदांपैकी राजपत्र मोकळं आहे. औरंगाबाद खंडपीठाचा निकालही, न्यायालयानं मनाई केली नसेल तर, जसाच्या तसा देता येतो. पण निकालांचे संग्रह काढणाऱ्या संपादकानं त्यात स्वतःची बुद्धी वापरून घातलेली भर त्याची असते, हे सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात मान्य केलं.

‘कुणी काही करू शकत नाही’ हे तर साफ खोटं. जाणूनबुजून उल्लंघन केलं तर कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला.

फोटो हवा असेल तर काढणाऱ्याला विचारा: कुठं वापरणार, किती दिवस, किती पैसे देणार. होकार लेखी घ्या. कायद्याला परवाना लेखीच लागतो.