इंजेक्टर उतरवण्याआधी : पिकअपच्या ॲव्हरेजवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण तपशील भरपूर दिलेत म्हणून उत्तर लांबलंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : कळमना ते बुटीबोरी रोज तोच माल, तोच रस्ता. बीएस6 पिकअप 14 चं ॲव्हरेज देत होती, पावसाळा लागल्यावर पंधरा दिवसांत 10 वर आली. मिस्त्री चारही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) बदलायला सांगतो, आणि ॲव्हरेजवरच्या माझ्या लेखातलं 'टायरची हवा तपासा, एअर फिल्टर बघा' म्हणजे निव्वळ टाइमपास.

हवा आणि फिल्टर हळूहळू ॲव्हरेज खातात, पंधरा दिवसांत चार किलोमीटर नेत नाहीत, हे खरंच. लेखात ते पहिल्या नंबरवर आहेत कारण ते फुकटात होतं. पण तिथून थेट इंजेक्टरवर उडी पटत नाही.

आधी हे 10 काढलं कसं ते सांगा. हजार-हजाराचं डिझेल टाकून डॅशबोर्डच्या काट्यावरून काढलं असेल तर तो आकडा धरू नका. एकाच पंपावर, एकाच नोझलने, पहिला कट लागेपर्यंत (नोझल आपोआप बंद होईपर्यंत) टाकी भरायची. 280 किलोमीटरला 20 लिटर लागलं तर 14 पडतं. तेवढ्याच अंतराला पुढच्या वेळी पंपावरच्या पोराने कट लागल्यावरही गळ्यापर्यंत 4 लिटर जास्त कोंबलं, की तेच 11.7 दिसतं. गाडीत काहीही बिघडलेलं नसतं. आणि मापावरच शंका असेल तर पंपावर शिक्का मारलेलं 5 लिटरचं माप असतं, ते मागा. मागायचा हक्क आहे तुमचा.

आता इंजेक्टर. मिस्त्रीने रिटर्न टेस्ट (इंजेक्टरमधून किती डिझेल न फवारता परत जातं ते मोजणं) केली, एका इंजेक्टरचं रिटर्न जास्त आलं, असं तुम्ही लिहिलंय. पण रिटर्नचं डिझेल जातं कुठे? परत टाकीत. ते जळत नाही. रिटर्न वाढलं की रेलचं (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीचं) प्रेशर पडतं, सकाळी गाडी उशिरा सुरू होते, चढावर दम लागतो. तुमची गाडी एका सेल्फमध्ये उठते आणि धूर नाही, हे तुम्हीच लिहिलंय. इंजेक्टरचं नोझल गळत असतं तर धूर, खडखड किंवा डिपस्टिकला (ऑइल मोजायच्या पट्टीला) डिझेलचा वास, यातलं काहीतरी बहुतेक दिसलं असतं. तरी शंका राहिलीच तर स्कॅनरवर चारही सिलिंडरचं करेक्शन (कुठल्या सिलिंडरला डिझेल किती कमी-जास्त करावं लागतंय तो आकडा) बघायला सांगा. एखादा आकडा बाकी तिघांपेक्षा फार वेगळा असेल तर तो एकच इंजेक्टर बेंचवर तपासायला पाठवा.

माझा पहिला संशय ब्रेकवर. पावसाचं पाणी आणि चिखल लागून कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना धरतात, पॅड डिस्कला घासत राहतात. हे आठ-दहा दिवसांतही होतं. दहा किलोमीटर चालवा, शेवटचा टप्पा शक्यतो ब्रेक न मारता, आणि उतरून चारही रिमजवळ हात न्या (लावू नका, भाजेल). डावं-उजवं सारखं तापलेलं हवं. एक बाजू स्पष्ट गरम असेल तर ते चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवा. जड फिरत असेल तर ब्लीडिंग निपल (ब्रेक ऑइलमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) थोडा ढिला करा. या तपासातली सगळ्यात कामाची खूण इथे मिळते : निपल सोडल्यावर चाक मोकळं झालं तर प्रेशर अडकलंय, म्हणजे आतून फुगलेला होज (ब्रेक ऑइलचा रबरी पाइप) किंवा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर प्रेशर तयार करणारा भाग). मोकळं नाहीच झालं तर पिना किंवा पिस्टन जाम. पुढची दोन्ही चाकं सारखीच धरत असतील तर मास्टर सिलिंडरकडे आधी बघा. मागे हँडब्रेकची केबलही अडकते.

दुसरा संशय तुमच्याच एका ओळीवरून आला : 'मेमध्ये गाडी तापत होती, ते काम करून घेतलं.' काम म्हणजे नेमकं काय केलं ते विचारा. नागपूरच्या 45 डिग्रीत गाडी तापली की काही जण सरळ थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व) काढून टाकतात. उन्हाळ्यात कळत नाही. पाऊस पडला की इंजिन गरमच होत नाही आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) थंड इंजिन समजून जास्त डिझेल देत राहतो. सकाळी थंड इंजिन सुरू करून रेडिएटरचा वरचा पाइप धरा, पंख्यापासून हात लांब ठेवून. काही मिनिटं तो थंड राहून मग एकदम गरम व्हायला हवा. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा नाहीच. स्कॅनरवर वर्धा रोडला कूलंट 80 च्या पुढे दिसायला हवं. 60-65 ला अडकलं असेल तर थर्मोस्टॅटचं उत्तर मिळालं.

एकट्या थर्मोस्टॅटने 14 चं 10 होत नाही. पण गाडीला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर थंड इंजिनमध्ये काजळी जास्त बनते, रिजनरेशन (ती काजळी जाळून टाकणं) नीट होत नाही, गाडी परत परत प्रयत्न करते आणि प्रत्येक वेळी जादा डिझेल ओतते. ऑइलची पातळी वाढलीय का ते बघा. वाढली असेल तर त्यात बहुतेक डिझेल उतरतंय. मग ऑइल बदलल्याशिवाय गाडी लोडवर पिदडू नका.

इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या भागाच्या) पाइपची क्लिप सैल आहे का आणि क्लच घसरतोय का, हे याच फेरीत बघून घ्या, पाच मिनिटांचं काम. टायर नवे, मोठ्या मापाचे टाकले असतील तर मीटरच किलोमीटर कमी दाखवतो.

दोनदा टाकी फुल केल्याचे लिटर आणि किलोमीटर, चारही चाकांचा अंदाज, कूलंटचं तापमान आणि डिपस्टिकची पातळी, एवढं खाली टाका. मग इंजेक्टरचं बोलू.