कॅलिफोर्नियाच्या आमदाराचा कायदा आणि न आलेली शांतता

गेले काही दिवस एक मजकूर ग्रुपमागून ग्रुपमध्ये फिरतोय. थोडक्यात तो असा: ‘व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेतही विद्यार्थ्यांनी असाच धुडगूस घातला होता. बर्कलेत बाहेरचे कम्युनिस्ट घुसले होते. तेव्हा डॉन मलफर्ड नावाच्या एका खमक्या आमदाराने बाहेरच्यांना हाकलण्याचा कायदा केला, रेगनने सैन्य पाठवलं आणि विद्यापीठं शांत झाली. आपल्याकडे असा एक तरी आमदार हवा.’ खाली हात जोडल्याच्या खुणा आणि ‘पुढे पाठवा’.

मलफर्ड खरे होते आणि त्यांचा कायदाही खरा होता. बर्कले म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाचं बर्कले शहरातलं आवार, आणि रेगन म्हणजे त्या राज्याचे पुढे झालेले गव्हर्नर. बाकीचं तपासू.

सुरुवात ‘व्हिएतनामवरून धुडगूस’ या शब्दांपासून. ज्या आंदोलनामुळे हा कायदा आला, ते १९६४ च्या शरद ऋतूतलं फ्री स्पीच मूव्हमेंट, म्हणजे भाषणस्वातंत्र्याचं आंदोलन. अमेरिकी मरीन सैनिक व्हिएतनाममधल्या दा नांगला उतरले मार्च १९६५ मध्ये, म्हणजे त्यानंतर. बर्कलेतलं भांडण होतं ते बँक्रॉफ्ट आणि टेलिग्राफ रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या विटांच्या २६ फूट रुंद पट्ट्यावरून. विद्यार्थी तिथे टेबलं मांडत, पत्रकं वाटत, दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी पैसे गोळा करत. ती जागा शहराची आहे अशीच सगळ्यांची समजूत होती. सप्टेंबरमध्ये विद्यापीठाने ती आपली असल्याचं सांगून हे सगळं बंद केलं, आणि ठिणगी पडली ती इथे. आंदोलनाचा सर्वांत ठळक चेहरा मारिओ सॅव्हिओ तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी होता. नुकताच उन्हाळाभर मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करून तो परतला होता.

आता ‘बाहेरचे घुसले होते’. सगळा मजकूर याच एका खांबावर उभा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. १ ऑक्टोबर १९६४ ला पोलिसांनी पहिल्यांदा ज्याला पकडलं, तो जॅक वाइनबर्ग तेव्हा विद्यापीठाच्या पटावर नव्हता. पदव्युत्तर शिक्षण अर्धवट सोडून तो नागरी हक्कांच्या कामात उतरला होता. पण पुढे काय झालं ते पाहा. त्याला गाडीत बसवलं, आणि भोवतालची पोरं गाडीच्या चहूबाजूंनी जमिनीवर बसली. सुमारे ३२ तास ती गाडी जागची हलली नाही. एकेक वक्ता गाडीच्या टपावर चढून बोलत होता आणि सॅव्हिओने तर पत्र्याला पोचे पडू नयेत म्हणून चढण्याआधी पायांतले बूट काढले. ज्यांना ‘धुडगूस’ हा शब्द इतक्या सहज सुचला, त्यांनी हे दृश्य एकदा डोळ्यांपुढे आणावं.

२ डिसेंबरला स्प्राऊल हॉल या विद्यापीठाच्या प्रशासकीय इमारतीत ठिय्या बसला. रात्री राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर पॅट ब्राऊन यांच्या हुकमावरून पोलीस आत शिरले आणि जवळपास ८०० जणांना अटक झाली. जिन्यांवरून फरफटत खाली आणण्याचं काम दुसऱ्या दिवसापर्यंत चाललं. अटक झालेल्यांत प्रचंड बहुसंख्य त्याच विद्यापीठाचे विद्यार्थी होते. आणि प्राध्यापक? ८ डिसेंबरला त्यांच्या सभेने ८२४ विरुद्ध ११५ मतांनी भाषणस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर विद्यार्थ्यांची बाजू घेतली. हे ८२४ जण कुठल्या बाहेरच्या देशातून आले होते?

कम्युनिस्टांच्या हाताचंही पाहू. विद्यापीठाच्या नियामक मंडळानेच, म्हणजे रीजंट्सनी, चौकशी लावली. काम दिलं बेव्हर्ली हिल्सच्या जेरोम बर्न या वकिलाला. मे १९६५ मध्ये त्यांचा अहवाल आला: हे आंदोलन कम्युनिस्ट पक्षाने किंवा दुसऱ्या कुठल्या बाहेरच्या गटाने उभं केल्याचा पुरावा सापडला नाही. उलट दोष त्यांनी विद्यापीठाच्या कारभारावर आणि खुद्द रीजंट्सवर ठेवला. चौकशी लावणाऱ्यांच्याच पदरात चूक घालणारा अहवाल सहसा मिळत नाही, म्हणून त्याचं वजन जास्त. आणि हा अहवाल हातात असताना पुढच्याच महिन्यात, जूनमध्ये, मलफर्ड यांच्या विधेयकावर सही झाली. म्हणजे रोगाचं निदान चुकलं हे कळल्यानंतर औषध दिलं गेलं.

जाता जाता: सही ब्राऊन यांची होती, रेगन यांची नाही. रेगन गव्हर्नर झाले जानेवारी १९६७ मध्ये. ब्राऊन डेमोक्रॅट, मलफर्ड रिपब्लिकन. ‘खमक्या आमदाराने आणि रेगनने करून दाखवलं’ असा जो सूर मजकुरात आहे, तो इथेच गळतो.

कायदा काय होता? विद्यार्थी किंवा कर्मचारी नसलेली व्यक्ती आवारातल्या शांततेत अडथळा आणेल असं अधिकाऱ्याला वाटलं, तर तो तिला बाहेर काढू शकतो, आणि ती गेली नाही तर तो गुन्हा. ऐकायला साधं आहे. पण कोण ‘बाहेरचा’ हे ठरवण्याची किल्ली विद्यापीठाच्याच हातात राहते. सॅव्हिओचंच घ्या. १९६६ मध्ये त्याला परत प्रवेश हवा होता, विद्यापीठाने नाकारला. झाला तो बाहेरचा! त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला विद्यार्थी संघाच्या इमारतीत नौदलाने भरतीचं टेबल मांडलं. युद्धविरोधकांनी शेजारी आपलं टेबल लावलं. पोलीस आले आणि त्यांनी निवडून काढले ते विद्यार्थी नसलेले, त्यांत सॅव्हिओ. परिणाम असा, की विद्यार्थ्यांनी संप पुकारला. बाहेरच्यांना उचललं आणि आतले उठले, हे कायदा येऊन दीड वर्ष होत असताना.

‘मग रेगनने सैन्य पाठवलं आणि वचक बसला.’ तारखा मांडतो, तुम्हीच ठरवा. नोव्हेंबर १९६८ ते मार्च १९६९: सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात महिनोन्‌महिने चाललेला संप. १५ मे १९६९: बर्कलेत विद्यापीठाच्या जागेवर लोकांनी उभारलेल्या पीपल्स पार्क या बागेवरून संघर्ष, शेरीफच्या (काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या) माणसांनी छर्रे झाडले, एका छपरावर उभा असलेला २५ वर्षांचा तरुण त्यात जखमी होऊन चार दिवसांनी गेला, आणखी एकाची दृष्टी गेली. तो मेलेला मुलगा बर्कलेचा विद्यार्थी नव्हता, हेही सांगतो. कारण ‘बाहेरचा’ ठरला की त्याच्या मरणाचा हिशेब मागायचा नसतो असं मानणारे तेव्हाही होते, आजही आहेत. २० मेला हेलिकॉप्टरने आवारावर अश्रुधूर सोडला आणि तो वाऱ्याने विद्यापीठाच्या रुग्णालयापर्यंत गेला. त्याच सुमारास विद्यार्थ्यांचं मतदान झालं, तर सुमारे ८५ टक्के मतं पार्क ठेवण्याच्या बाजूने पडली. तेही रेगन यांनी पाठवलेलं नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याची राखीव फौज, रस्त्यावर असताना.

फेब्रुवारी १९७०: सांता बार्बराजवळ आयला व्हिस्टात बँक ऑफ अमेरिकाची शाखा जाळली गेली. हिंसा झालीच नाही असं मी म्हणत नाही. ही हिंसाच होती आणि ती चूक होती. पण पुढची गोष्ट मजकूर लिहिणाऱ्यांना ठाऊक नसावी. एप्रिलमध्ये त्याच बँकेवर पुन्हा जमाव आला, तेव्हा तिला वाचवायला काही विद्यार्थी पुढे झाले. त्यांतला एक पोलिसाच्या गोळीने मेला. शांतता हवी असलेलं पोर, आणि गोळी शांतता राखायला आलेल्याची.

त्यानंतर ३० एप्रिलला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कंबोडियात फौजा घुसवल्याचं जाहीर केलं. ४ मेला ओहायोच्या केंट स्टेटमध्ये नॅशनल गार्डने चार विद्यार्थी मारले. कॅलिफोर्नियात काय झालं? रेगन यांनी स्वतःच राज्याची सगळी विद्यापीठं आणि स्टेट कॉलेजं चार दिवस बंद ठेवली. मलफर्डचा कायदा पाच वर्षं जुना, रेगन यांची कारकीर्द चौथ्या वर्षात, आणि विद्यापीठांना कुलूप. याला कोणी वचक म्हणत असेल तर म्हणो.

राहिलं शेवटचं, ‘विद्यापीठं शांत झाली’. झाली, हळूहळू, १९७१ ते ७३ च्या दरम्यान. तोवर व्हिएतनाममधून सैन्य मोठ्या प्रमाणावर परतत होतं. जुलै १९७१ मध्ये १८ वर्षांच्या मुलांना मतदानाचा हक्क मिळाला. जानेवारी १९७३ मध्ये व्हिएतनाम युद्धाबाबतचा पॅरिसचा करार झाला आणि सक्तीची लष्करभरतीही थांबली. भरतीच्या सोडतीत ज्या मुलाच्या जन्मतारखेची चिठ्ठी निघाली की त्याला भातशेतांत मरायला जावं लागणार होतं, त्याच्या डोक्यावरची ती तलवार हटली. त्याच्या रागाचं सगळ्यात मोठं कारणच गेलं.

त्याच १९७३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने आंदोलनकाळातच आलेल्या अशाच एका कलमाची वाट अरुंद केली: केवळ बोलण्यासाठी कोणाला आवारातून काढता येणार नाही, आणि तातडीचा प्रसंग नसेल तर काढण्याआधी त्याचं म्हणणं ऐकावं लागेल. खटला उभा राहिला होता सॅन फ्रान्सिस्को स्टेटच्या आंदोलकांवरून. मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी मलफर्ड यांचं नाव ठेवावं, पण खाली हा निकाल आणि मे १९७० चे ते चार दिवसही जोडावेत.