लिंबाची फोड आणि तीन थेंब तेल: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार ताई,

रोजच्या त्वचानिगेवरच्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, त्याला दोन ओळींत उत्तर देणं योग्य वाटलं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तुमच्या आजींनी उभ्या आयुष्यात क्रीम विकत घेतलं नाही. तोंडाला साबण नाही, अंघोळ झाली की ओल्या चेहऱ्यावर तीन थेंब तेल, आठवड्यातून दोनदा लिंबाची फोड, आणि भर दुपारी उन्हात जायचं नाही. ब्याऐंशीव्या वर्षीही त्यांचा चेहरा तुकतुकीत आहे. मग घरगुती उपाय मोडीत काढून सात पायऱ्या सांगायच्या, त्या कोणाच्या फायद्यासाठी, असा तुमचा सवाल आहे. आणि अगदी शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलं आहे की तुम्हीही आजींसारखंच करता, फक्त हनुवटीवर पुळ्या येतात आणि गालावरचा डाग जात नाही.

आधी माझी चूक कबूल करतो. "चेहऱ्याला तेल लावूच नये" असं मी सरसकट लिहिलं होतं. ते चुकीचं होतं आणि आता लेखात दुरुस्त केलं आहे. सात पायऱ्यांबद्दलही तुमचं बरोबर आहे. रोजच्याला तीन गोष्टी पुरतात: हलक्या हाताने धुणं, ओलावा टिकवणं आणि उन्हापासून जपणं. टोनर, एसेन्स, शीट मास्क ही ज्याची त्याची हौस. तुमच्या आजी नेमक्या या तीन गोष्टी करत आल्या आहेत. लिंबाबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. का, ते खाली सांगतो.

साबण न लावण्याची सवय शंभर टक्के राखण्यासारखी आहे. त्वचेच्या पृष्ठभागाचा पीएच (आम्ल-अल्कली मोजायचं माप, ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) साधारण ४.५ ते ५.५, म्हणजे किंचित आम्ल. साबणाच्या वडीचा ९ ते १०. सर्वांत वरच्या थरातल्या पेशींच्या मधोमध स्निग्ध पदार्थ असतात, विटांच्या मधल्या गिलाव्यासारखे. साबण मळाबरोबर तोही धुऊन काढतो. तोंड धुतल्यावर गाल ताणल्यासारखे वाटतात, ते पुष्कळांना स्वच्छतेचं लक्षण वाटतं. खरं तर तो गिलावा गेल्याचा निरोप असतो. सकाळी नुसतं कोमट पाणी चालतं. संध्याकाळी, सनस्क्रीन किंवा मेकअप लावलेला असेल तर साबणविरहित सौम्य क्लेन्झर घ्यावा, बोटांच्या टोकांनी अर्धा ते एक मिनिट फिरवावा. केसांची कड, नाकाच्या बाजू आणि जबड्याखालची रेघ या तीन जागा धुताना हमखास सुटतात, आणि पुळ्याही तिथेच जास्त दिसतात. टॉवेल टेकवून पाणी टिपायचं, घासायचं नाही. डाळीचं पीठ लावायचं असेल तर पातळ कालवून लावा आणि ओलं असतानाच धुवा. ते वाळून खडखडीत झालं की काढताना जी घासाघास होते, तिनेच चेहरा लाल होतो.

आता तेल. तुमच्या प्रतिक्रियेतला सर्वांत मोलाचा शब्द आहे "ओल्या". तेलात पाणी नसतं, ते त्वचेला ओलावा देऊ शकत नाही. आहे तो ओलावा उडून जाण्याचा वेग तेवढा कमी करतं. म्हणून कोरड्या चेहऱ्यावर तेल चोपडलं तर चेहरा चमकतो, पण तासाभराने पुन्हा ओढल्यासारखा वाटतो. अंघोळीनंतर दोन-तीन मिनिटांच्या आत, चेहरा टिपलेला पण दमट असताना, दोन-तीन थेंब तळहातांत पसरायचे. मग तळवे आधी गालांवर, नंतर कपाळावर आणि शेवटी उरलंसुरलं मानेवर नुसते दाबायचे. तळहात उचलताना त्वचेला किंचित चिकटून सुटतो, तेवढंच प्रमाण बरोबर. हात सरकत असेल तर तेल जास्त झालं, ते टिपून काढा.

पण तेल कोणतं, हा प्रश्न आजींच्या काळी फारसा पडत नव्हता, तुम्हाला पडायला हवा. तेल ज्या घटकांनी बनतं ती मेदाम्लं (फॅटी ॲसिड) वेगवेगळी असतात. लिनोलिक आम्ल जास्त असलेलं साधं सूर्यफूल तेल त्वचेच्या वरच्या थराला पूरक ठरतं. ओलिक आम्ल जास्त असलेलं, उदाहरणार्थ ऑलिव्ह तेल, तो थर सैल करू शकतं, आणि त्वचा आधीच कोरडी, खाजरी असेल तर जास्तच. सूर्यफूल तेलाच्या बाटलीवर 'हाय ओलिक' लिहिलेलं असेल तर ते या कामाला नको. खोबरेल कोरड्या हातापायांना उत्तम, पण पुळ्या येणाऱ्या चेहऱ्यावर अनेकांची रंध्रं बुजवतं. भुवयांत आणि नाकाच्या कडेला लालसर कोंड्यासारखे पापुद्रे सुटत असतील तर तिथे कोणतंच खाद्यतेल लावू नका. त्वचेवर राहणारी मॅलासेझिया नावाची बुरशी मेदाम्लांवरच पोसली जाते. आणि खवट वास येणारं तेल सरळ फेकून द्या.

याहून महत्त्वाचा फरक वयाचा. रजोनिवृत्तीनंतर चेहऱ्याच्या तैलग्रंथी कमी तेल सोडतात. साठीनंतरच्या त्वचेला बाहेरून तेल हवंच असतं. पंचविशी-तिशीत तुमच्या हनुवटीवर आणि नाकाभोवती ते आधीच भरपूर असतं. आजींना मानवणारं तेल तुमच्या हनुवटीला मानवत नाही, यात ना त्यांची चूक आहे ना तेलाची. गालांना लावा, हनुवटी सोडा.

लिंबाचं कारण सांगतो. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५ असतो, म्हणजे त्वचेपेक्षा कित्येक पटींनी आम्ल. त्यात क जीवनसत्त्व असतं म्हणून तो लावतात, पण किती? १०० ग्रॅम रसात साधारण ५० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०५ टक्के. क जीवनसत्त्वाची जी सीरम उपयोगी ठरतात, त्यांत ते १० ते २० टक्के असतं. फायदा मिळेल एवढं लिंबात नाही, झोंबेल एवढं आम्ल मात्र आहे. त्यावर आणखी एक गोष्ट. लिंबूवर्गीय फळांच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमरीन नावाची संयुगं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं की उन्हातल्या यूव्हीए या अतिनील किरणांमुळे ती भाजल्यासारखी इजा करतात. लगेच काहीच दिसत नाही. दिवसभराने लाली येते, दोन-तीन दिवसांत ती वाढते, कधी फोड येतात आणि मागे तपकिरी डाग उरतो, तो आठवडेच्या आठवडे, कधी महिने टिकतो. या डागाचा आकार एकदा नीट पाहिला की विसरत नाही: मनगटावरून कोपराकडे गेलेली ओघळाची रेघ, किंवा गालावर बोटांचे ठसे, जिथे जिथे रस लागला तिथेच आणि तेवढाच.

मग आजींना कसं काही झालं नाही? उत्तर तुमच्याच प्रतिक्रियेत आहे. त्या दुपारच्या उन्हात जात नसत. लिंबू आणि सावली या दोन सवयी त्यांच्याकडे जोडीने होत्या, दुसरी पहिलीला सांभाळून घेत होती. आपण फोड उचलतो आणि सावली मागेच ठेवतो. लिंबू चोळून बाहेर पडणाऱ्या मुलीच्या गालावरचा डाग त्याच लिंबाने उठलेला असण्याची दाट शक्यता असते, आणि तो घालवायला ती पुन्हा लिंबूच चोळते. सावळ्या त्वचेत हे चक्र जास्त चालतं, कारण तिथे प्रत्येक चुरचुरीनंतर रंगद्रव्य जास्त साचतं. खाण्याच्या सोड्याचंही तसंच, फक्त उलट्या टोकाने: तो अल्कली आहे. साखरेचे आणि अक्रोडाच्या सालीचे खरखरीत स्क्रब चेहऱ्यापुरते सोडून द्या.

सनस्क्रीनबद्दल तुम्ही लिहिलंत की आजींना कधी लागलं नाही. खरंय, कारण सावली हेच त्यांचं सनस्क्रीन होतं, आणि ते कोणत्याही ट्यूबपेक्षा चांगलं असतं. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडत असेल त्या वेळी ऊन सर्वांत घातक, एवढी खूण लक्षात ठेवली तरी पुष्कळ झालं. त्या वेळी तुम्ही घरात असाल आणि खिडकीला चिकटून बसत नसाल तर सनस्क्रीनची गरज खूप कमी होते. खिडकीचा उल्लेख मुद्दाम केला, कारण साधी काच यूव्हीबी (चेहरा भाजणारे अतिनील किरण) बरंचसं अडवते, यूव्हीए बरंच आत सोडते. बाहेर पडणं अटळ असेल तर एसपीएफ (सनस्क्रीनच्या संरक्षणाचा आकडा) ३० पुरतो: तो यूव्हीबी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवतो, ५० वाला ९८. आकड्यापेक्षा प्रमाण महत्त्वाचं. चाचणीत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावतात. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधलं बोट भरून दोन रेघा, असा हिशेब. बहुतेक जण याच्या निम्मं किंवा त्याहून कमी लावतात आणि मग म्हणतात, उपयोग होत नाही. दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. डाग असतील तर रंगछटा असलेलं घ्या, त्यातलं आयर्न ऑक्साइड दृश्य प्रकाशही अडवतं. साधं सनस्क्रीन ते काम करत नाही.

कोणाच्या फायद्यासाठी, याचं उत्तर एवढंच की लेखात एकाही कंपनीचं नाव नाही आणि पुढेही येणार नाही. उलट दोन प्रकारच्या ट्यूबांपासून लांब राहा. एक, लेबल नसलेली किंवा घटक न लिहिलेली गोरेपणाची क्रीम. त्यांत पारा सापडतो. पाऱ्याच्या वापरावरचा आंतरराष्ट्रीय मिनामाटा करार २०१३ मध्ये झाला, त्यात १ पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत एक भाग) जास्त पारा असलेली सौंदर्यप्रसाधनं २०२० पर्यंत बंद करायचं ठरलं, तरी ती विकली जातात. घटकांत 'कॅलोमेल' किंवा 'मर्क्युरस क्लोराइड' (दोन्ही पाऱ्याचीच नावं) दिसलं की ठेवून द्या. दुसरी, दोन आठवड्यांत चेहरा उजळवणारी स्टिरॉइडची क्रीम. बंद केली की आग होते, लाली येते, म्हणून माणूस पुन्हा लावतो. पुढे त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते.

तुमच्यासाठी आता नेमकं. लिंबू आजपासून बंद. तेल फक्त गालांना, हनुवटीला हलकं जेल मॉइश्चरायझर. पुळ्यांवर रात्री २.५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड (पुळ्यांवरचं औषध), पातळ थर, पहिले दोन आठवडे एक रात्र आड. ५ किंवा १० टक्क्यांचं घेऊ नका, त्याने फायदा फारसा वाढत नाही, जळजळ वाढते. उशीचा रंगीत अभ्रा काढून ठेवा, या औषधाने रंग उडून पांढरे ठिपके पडतात. गालाच्या डागावर सकाळी ४ ते ५ टक्के नायसिनमाइड (ब३ जीवनसत्त्वाचा प्रकार) आणि वर सनस्क्रीन. दोन्ही एकदम सुरू करू नका. मध्ये दोन आठवडे जाऊ द्या, म्हणजे काय झोंबलं ते कळेल. कोणतीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून बघा. डाग फिका व्हायला आठ ते बारा आठवडे लागतात, रोज आरशात मोजू नका. तो वाढत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील किंवा खाजत असेल, तर घरी काहीही न लावता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

आजी तेल कोणतं लावतात, ते तुम्ही लिहिलेलं नाही. कळवा, म्हणजे ते तुमच्या गालांना चालेल की नाही, ते सांगता येईल.