ब्रेकच्या डिस्कला तेल लावू नका, कुणीही सांगितलं तरी

"पावसाळ्यात ब्रेकच्या डिस्कवर गंज दिसला की ब्रेक फेल होणार समजा. रात्री डिस्कला काळं ऑईल नाहीतर खोबरेल चोळा, कंपनीसुद्धा लावते. महिन्यातून एकदा मीठ-लिंबानं घासा. तरी गंज आला तर डिस्क बदला." असा मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. काल तो बीडच्या दाजींनी मला पाठवला आणि खाली विचारलं, "काळं ऑईल घरातच आहे, आज लावून टाकू का?" रविवारी ते लेकराबाळांना घेऊन मांजरसुंब्याच्या घाटातून तुळजापूरला निघालेत!

आधी तेलाचं बोलू, कारण यानं माणूस मरू शकतो. तुम्ही ब्रेक दाबता तेव्हा दोन पॅड चाकासोबत फिरणाऱ्या चकतीला, म्हणजे डिस्कला, दोन्ही बाजूंनी आवळतात आणि त्या घर्षणानं गाडी थांबते. दुसरं काही नाही. तिथं तेल लावायचं म्हणजे घर्षणच काढून टाकायचं. पॅड सच्छिद्र असतो, तो तेल पिऊन घेतो; वरून कितीही पुसा, आतलं निघत नाही. एका चाकाला तेल जास्त लागलं तर जोरात ब्रेक मारताच गाडी दुसऱ्या बाजूला ओढते. कोरड्या रस्त्यावर 60 च्या वेगातली गाडी चांगल्या ब्रेकवर साधारण 20 मीटरमध्ये थांबते. पकड निम्मी झाली की तेच अंतर 40 मीटर. पुढं दिवा नसलेली उसाची ट्रॉली असेल तर हे वरचे 20 मीटर आणायचे कुठून?

"कंपनीसुद्धा लावते" हे मात्र अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. सुट्या नव्या डिस्कवर गोदामात गंज धरू नये म्हणून बऱ्याचदा तेलाचा पातळ थर असतो. पण बसवण्याआधी मेकॅनिक तो ब्रेक क्लीनर मारून पुसून काढतो. मेसेज लिहिणाऱ्यानं नेमकं हेच गाळलंय.

आता गंज. डिस्क बिडाची असते आणि घासणारा भाग रंगवता येत नाही, म्हणून पाऊस पडला किंवा गाडी धुतली की काही तासांत तांबूस थर येणारच. सकाळचा घर्र आवाज त्याचाच. गल्लीतून निघताना मागं कुणी नाही बघून, हळू वेगात चार-पाच वेळा ब्रेक दाबा. पॅडच तो थर खरवडून काढतात. गाडीसोबत मिळालेलं पुस्तक उघडा. ब्रेक ओले झाले तर हळू चालवत हलके दाबून वाळवा, असंच त्यात बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. तेल लावा असं कुठंच नसतं.

मीठ-लिंबाबद्दल जास्त लिहीत नाही. लिंबानं गंज सुटतो, पण मागं राहिलेलं मीठ नवा गंज आणखी लवकर आणतं.

डिस्क कधीच बदलावी लागत नाही, असंही नाही. पोरगं पुण्याला आणि गाडी अख्खा पावसाळा लातूरच्या अंगणात उभी, अशा घरांत गंज खोल जातो, खड्डे पडतात. थोडं चालवूनही खरखर गेली नाही, पायाखाली पेडल थरथरलं, तर चाक काढून डिस्कची आतली बाजूही बघायला लावा. बाहेरून ती नीट दिसत नाही. डिस्क बदलायची की नाही हे जाडी मोजून ठरतं, रंग बघून नाही. कमीत कमी किती जाडी चालते तो आकडा बहुतेक डिस्कवरच कोरलेला असतो. गॅरेजवाल्याला तो दाखवायला सांगा आणि तुमच्यासमोर मोजायला लावा.

आणि कुणी आधीच तेल लावून बसलं असेल तर गाडी बाहेर काढू नका. मेकॅनिकला घरी बोलवा, डिस्क ब्रेक क्लीनरनं धुऊन घ्या आणि पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड नवे टाका; मागंही डिस्क असून तिला तेल लागलं असेल तर मागच्या दोन्ही चाकांचेही. जुने पॅड घासून किंवा जाळून परत बसवून देतो म्हणाला, तर दुसरा मेकॅनिक बघा.